नजरेपुढची जागा

दिवा राहू द्या, विझवू नका. सांगतो, पण लगेच विश्वास ठेवू नका. माझाच अजून पुरता बसलेला नाही.

त्या दुपारी मला फक्त बायकोचा एक बरा फोटो काढायचा होता. हिची स्मृती हळूहळू विरत चालली होती. जन्मभर मला ‘अहो’ म्हणून हाक मारणारी ही आता ‘आपण’ म्हणू लागली होती, बँकेतल्या माणसाला म्हणावं तसं. कधीतरी क्षणभर तिच्या डोळ्यांत ओळख उमटते असं मला वाटे. माझा भासही असेल. पण ती नजर एकदा टिपून ठेवावी, एवढीच इच्छा होती. उद्या ती उरलीच नाही तर?

आमची लेक फोटोग्राफर. माझे आधीचे फोटो बघून ती फोनवर म्हणाली, “बाबा, आयुष्यभर प्रकाशशास्त्र शिकवलंत आणि आईला तेवढं अंधारात बसवलंत.”

“खिडकी तिच्या मागे होती गं. चुकलंच माझं.”

“मग तिला खिडकीशेजारी बसवा. आणि अगदी मधोमध नको, पासपोर्टचा फोटो नाही काढायचा आपल्याला. ती ज्या बाजूला बघेल तिकडे जागा मोकळी सोडा. नजरेला जायला वाट हवी.”

तसंच केलं. हिला बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी बसवलं. पडद्यातून गाळून आलेला उजेड तिच्या गालावर पडला. कॅमेऱ्याकडे मात्र ती काही केल्या बघेना. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मी तिकडे जागा सोडली आणि बटण दाबलं.

मग अभ्यासाच्या खोलीत आलो. स्क्रीनवर चकाकी नको म्हणून फोटो सुधारताना मी खिडक्या बंद करून घेतो. भर दुपारी तिथे विहिरीच्या तळासारखा काळोख होतो. पंखा घरघरत होता. हिचा चेहरा सुरेख आला होता, पण उरलेली अर्धी चौकट नुसती काळी. ते रितेपण मला सोसेना. नियम ठेवला बाजूला आणि तो भाग कापून टाकला.

“अहो...”

भिंतीपलीकडून हिची हाक आली. माझा हात जागच्या जागी थांबला.

“अहो, कुठे गेलात?”

मी धावत गेलो. ती कोपऱ्याकडेच बघत होती, कावरीबावरी होऊन. म्हटलं, “हा काय मी. इथेच आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “आपण नव्हे. हे आत्ता इथे बसले होते...”

योगायोग असेल, असं स्वतःला बजावत परत आलो. कापलेला भाग पुन्हा जोडून घेतला. पलीकडून सुस्कारा ऐकू आला. मग तिचा हलका आवाज, “बसा. असं न सांगता उठून जाऊ नका.”

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी वर्गात शिकवत आलो. पण पुन्हा कापून बघण्याचं धाडस काही झालं नाही. त्याऐवजी सावल्या उजळायला घेतल्या, अगदी थोड्या थोड्या. फोटोतल्या काळोखात आधी रवाळ ठिपके उमटले, मग खुर्चीचा हात. खुर्चीमागे भिंत दिसायला हवी होती. भिंत नव्हती. फरशा तशाच पुढे गेल्या होत्या, आमचं घर जिथे संपतं त्याच्याही पलीकडे, लांबवर. आणि पार शेवटी पहाटेसारखा फिकट उजेड होता. अंधारात खडूच्या भुकटीचा वास दाटला होता. निवृत्त झाल्यापासून या घरात खडू आलेला नाही.

घाबरलो, खोटं कशाला सांगू? पण दुर्बिणीतून पहिल्यांदा आकाश पाहिलं तेव्हा जसा श्वास अडकला होता, तसाही अडकला. मी हात जोडले. कुणाला, ते ठाऊक नाही.

हिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, “तिथे कोण बसलंय?”

“हेच की,” ती लाजली.

“आणि मी?”

“आपण... फोटोवाले ना?” तिने मला सांभाळून घेतलं. “चांगला काढा हं यांचा. स्वतःहून कधी पुढे येत नाहीत ते.”

या वयात मला हेवा वाटला. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवला, दोघं मावू अशी चौकट जुळवली, टायमर लावला आणि त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत मीच जाऊन बसलो. खुर्ची ऊबदार होती. आता तरी ही माझ्याकडे बघेल म्हणून मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिने सावकाश मान वळवली, कॅमेऱ्याकडे. फोटो निघाला.

संध्याकाळी लेक आली. फोटो मोठा करून तिने तो कडेपासून कडेपर्यंत न्याहाळला. त्यात माझा जेमतेम खांदा आला होता, कडेला, कापलेला. सगळा उजेड हिच्यावर. आणि ही समोर बघून हसत होती, अगदी त्या ओळखीच्या नजरेने.

“बाबा, हा तुम्ही नाही काढलेला,” लेक म्हणाली.

“टायमरवर निघाला. ट्रायपॉड तसाच आहे बघ.”

“तो तुमच्या छातीइतका उंच आहे. हा कुणीतरी गुडघ्यावर बसून काढलाय... आईच्या डोळ्यांना डोळे भिडवून.”

मी हिच्याकडे वळून पाहिलं. ती अजून हसत होती. तिची नजर कॅमेऱ्यावर नव्हतीच; त्याच्या बरीच खाली, ट्रायपॉडच्या पायांपुढच्या मोकळ्या जागेत, गुडघ्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा येईल तेवढ्या उंचीवर स्थिरावली होती.