बाळ सरळ की उलटं?

धात्रीने आईच्या पोटाला मऊ पट्टा बांधला आणि समोरच्या भिंतीवर बाळ दिसू लागलं. डोकं वर, मांडी घातलेली, एक मूठ गालापाशी. पंगतीत पाटावर बसावं तसं ते ऐटीत बसलं होतं.

"बाळ उलटं आहे," धात्री म्हणाली.

अन्विताने मान वाकडी करून पाहिलं, मग सरळ करून पाहिलं. डोकं वर आणि पाय खाली, आपण सगळे असेच तर असतो. मग हे उलटं कसं? आणि वटवाघळासारखं लटकणारं बाळ तेवढं सरळ?

धात्री म्हणजे सांगोल्याच्या प्रसूतिकेंद्रातली यंत्रमानव. कुणाला नववा महिना लागला की ती तपासणीसाठी घरी येई. वैजूआजीशी, म्हणजे आईच्या मावशीशी, तिची चांगली गट्टी होती. वैजूआजी पायाळू (पायांकडून जन्मलेली) होती. पाठीत उसण भरलेली माणसं सकाळी सकाळी दारात येत आणि आजी त्यांच्या पाठीला डावा पाय लावी. "तुझी कंबर धरली तर सांग गं, लाजू नकोस," असं तिने धात्रीलाही बजावून ठेवलं होतं.

आज तर तिचा आनंद मावेना. घरात दुसरं पायाळू येणार. मग पोटाची फाडाफाड कशाला करायची? आपण आलो तसं तेही येईल, असं ती ठासून सांगत राहिली. काय करायचं ते आईला लवकरच ठरवायचं होतं. ती नुसती पोटावरून हात फिरवत होती.

आईचं पोट कापणार, ही कल्पनाच अन्विताला सहन होईना. तिने धात्रीला बाजूला नेऊन विचारलं, "आईला काहीच होणार नाही असा रस्ता कोणता?"

"तसा एकही नाही," धात्री म्हणाली. "पण कुठल्या रस्त्यावर कोणता खड्डा आहे, ते बघता येतं. एक बाहुली आण आणि घट्ट तोंडाचा मोजा आण."

बाहुलीच्या पोटाला दोरी बांधली. ती झाली नाळ (बाळाला आईकडून रक्त आणि प्राणवायू पोचवणारी नळी). मोजा झाला गर्भाशय. अन्विताने बाहुली डोकं मोज्याच्या तोंडाकडे करून आत ठेवली आणि मोजा मागून दाबत राहिली. प्रसूतीच्या कळा अशाच बाळाला ढकलतात. डोकं तोंडाशी आलं, मोजा ताणत ताणत बाहेर पडलं आणि मागून खांदे, पाय सुळकन निघाले.

बाळाचं डोकं हा त्याचा सगळ्यात मोठा टणक भाग, असं धात्रीने समजावलं. कवटीची हाडं अजून सांधलेली नसतात, ती एकमेकांवर थोडी सरकतात आणि डोकं वाट काढतं. वाट झाली की बाकीचं अंग सहज येतं. म्हणून खाली डोकं असलेलं बाळ सरळ.

"आता उलटं करून बघ."

या वेळी पाय आले, कंबर आली, खांदेही आले. डोकं मात्र अडकलं. मोज्याचं तोंड मानेला करकचून बसलं होतं आणि दोरी मध्येच चेपली होती. अन्विताने दाबायचं थांबवलं.

बहुतेक पायाळू बाळं सुखरूप येतात, धात्री सांगत होती. पण हात मुरलेला डॉक्टर लागतो आणि शस्त्रक्रियेची तयारी शेजारीच लागते. दुसरा रस्ता म्हणजे डॉक्टरांनी पोटावर बाहेरून हातांनी दाब देऊन बाळाला हळूहळू कोलांटी घालायला लावायची. ते सगळ्यांना चालत नाही आणि प्रत्येक बाळ ऐकतंही नाही. तिसरा रस्ता सिझेरियन (पोट आणि गर्भाशय उघडून बाळ बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया). त्यात डोकं अडकायची भीती कमी. पण आईला टाके पडतात, रक्त जास्त जाऊ शकतं, बरं व्हायला वेळ लागतो आणि पुढच्या बाळंतपणात तो व्रण लक्षात ठेवावा लागतो.

एव्हाना आई आणि आजीही जवळ येऊन बसल्या होत्या. अन्विता बाहुलीकडे बघत होती. "वैजूआजी, तूही अशीच अडकली होतीस?"

आजीने बाहुली हातात घेतली. मग तिने सांगितलं. वस्तीवर घरातच बाळंतपण झालं होतं. बाळ कसंबसं निघालं, पण तिच्या आईचं रक्त थांबेना, आणि दवाखाना लांब होता.

"आईला खाऊन आली, असं म्हणायचे मला," ती म्हणाली. "मग कुणीतरी म्हणालं, पायाळू आहे, हिच्या पायाला गुण आहे. ते मला बरं वाटलं. तेच धरून बसले मी."

धात्री तिच्या शेजारी जाऊन बसली. "बाळ कसं बसावं हे बाळ ठरवत नाही, आजी. त्या दिवशी रक्त हवं होतं, डॉक्टर हवा होता, गाडी हवी होती. ते सगळं तुम्ही कुठून आणणार होतात?"

आजीने पदराने तोंड पुसलं. मग आईकडे वळून म्हणाली, "तुला पटेल तेच कर, पोरी. माझं ऐकू नकोस."

आईने ठरवलं. आधी बाळ फिरतंय का बघायचं, नाहीतर सिझेरियन.

केंद्रात डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवत बाळाला फिरवायचा प्रयत्न केला. बाळ अर्ध्या वाटेपर्यंत फिरलं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसलं. "हट्टी आहे. आजीवर गेलंय," आई म्हणाली. मग शस्त्रक्रियेचा दिवस ठरला.

त्या दिवशी बाळाचं रडणं ऐकू आलं तेव्हा अन्विताचा हात आजीच्या हातात होता. थोड्या वेळाने आत सोडलं. बाबा बाळाकडे धावले. वैजूआजी पाळण्याकडे न बघता सरळ आईपाशी गेली आणि तिच्या कपाळावर तळहात ठेवून उभी राहिली.

"कशी आहेस?"

"दुखतंय खूप," आई म्हणाली. "पण आहे मी."

आजीने मान डोलावली. हात मात्र काढला नाही.

अन्विता पाळण्यावर वाकली. तांबूस, सुरकुतलेला भाऊ मूठ चोखत होता. हा मोठा होईल, बोलायला लागेल, आणि एक दिवस विचारेलच की मी कसा जन्मलो. तिला ते सगळं सांगता आलं असतं. पण सांगायला आई होती.