अर्धा आकडा

वजनाच्या खोलीचं दार धाकटीने ढकललं, तर सिस्टरचा पत्ता नाही आणि जमिनीवर एक दांडगा माणूस काट्याचं पोट उघडून बसलेला.

"कोण तुम्ही?"

"काटेवाला. काटा नीट करायला आलोय."

"नीट करायला की बिघडवायला?"

त्याने मान वर केली. डोळे हसरे होते, आणि हसऱ्या डोळ्यांवर धाकटीचा काडीचा भरवसा नव्हता. घरातली ही धाकटी लेक चार महिने या दवाखान्यात रोज येत होती. ॲनोरेक्सिया म्हणतात त्या दुखण्याला. आरसा एक सांगतो, डॉक्टर दुसरं, आणि पोरगी ऐकते आरशाचं. इथे सिस्टर समोर बसून जेवू घालत, मनातलं बोलायला लावत. वजनाला मात्र काट्याकडे पाठ करून उभं राहायचं. आकडा कळला की तिचा घास घशाखाली उतरत नसे, हे तिलाही ठाऊक होतं. तरी मनात किडा वळवळायचाच... लपवतात म्हणजे काहीतरी आहे.

"किती वाढवून ठेवलाय?"

"काटा काय माझा मेहुणा आहे, मी सांगेन ते ऐकायला? झालाय नीट. बघा उभ्या राहून."

ती उभी राहिली, सवयीने पाठ करून.

आता काटेवाल्याची जात. आकडा दिसला की तोंडातून निघालाच पाहिजे. "त्रे—" म्हणाला आणि सिस्टरने बजावलेलं आठवून त्याने जीभ चावली. पण आपल्या बोलीत एकक पुढे, दशक मागे. आकड्याचं डोकं धाकटीच्या हाती आलं, धड त्याच्या पोटात राहिलं.

"त्रे काय?"

"त्रे... त्रेधा उडाली माझी."

तिला हसू फुटत होतं, म्हणून तिने ओठ घट्ट मिटले.

दुसऱ्या दिवशी हा मागच्या पायऱ्यांवर बसलेला. तिसऱ्या दिवशीही.

"एका काट्याला किती दिवस लागतात?"

"स्वयंपाकघरातले तीन आहेत अजून. शिवाय..."

"शिवाय काय?"

"तुम्ही भांडता छान."

"आईने पाठवलंय ना पाळत ठेवायला?"

"तुमच्या आईंना मी ओळखत नाही. ओळख करून दिलीत तर—"

"पायरीने राहा."

तो मुकाट्याने एक पायरी खाली सरकला. धाकटीने तोंड फिरवलं खरं, पण कान तापले ते तापलेच.

इकडे ते 'त्रे' तिला कुरतडत होतं. ताटात बसलं की त्रे, पाणी पिताना त्रे. तीन दिवस अर्धं ताट परत गेलं. चौथ्या दिवशी ती ताटावरून उठून तडक पायऱ्यांवर आली.

"पुढचं सांगा. नाहीतर उद्यापासून तोंड दाखवू नका."

तो हातातला पेचकस फिरवत राहिला. "नाही सांगणार."

"म्हणजे तुम्हीही त्यांच्यातलेच."

"असेन. चूक मी केली, ती आत्ताच सिस्टरना सांगून आलो. तुमची ताटं का परत येतात तेही सांगितलं."

"चुगली केलीत माझी?"

"आधी माझी केली. उद्यापासून दुसऱ्या कोणाला पाठवतील बहुतेक."

तिला राग यावा तेवढा आला. पण घरदार तिच्याबद्दल दाराआड कुजबुजत होतं, आणि हा बाबा चहाडी करून वर तोंडावर सांगत होता.

"का पण?"

"तुम्ही जेवला नाहीत तर... मला चैन पडत नाही." मग पेचकसाकडेच बघत, "आवडता तुम्ही मला."

"खोटं."

"मग पकडा खोटं. मी काही पळत नाही."

दारात सिस्टर उभी होती. "चल गं. आधी त्या 'त्रे'बद्दल बोलू, मग ताट पुरं करू. मी बसते शेजारी."

धाकटी दोन पावलं गेली, थांबली.

"तास लागेल मला. थांबशील?"

तुम्हीचा तू कधी झाला, तिला कळलं नाही. त्याला कळला.

"थांबतो."

बोलून झालं, थोडं रडून झालं. आत पहिला घास घेताना तिची नजर खिडकीबाहेरच्या पायऱ्यांवर होती.

"ताटाकडे बघ," सिस्टर म्हणाली. "बसलाय तो तिथेच."

"त्याचं काय सांगावं," धाकटी म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.