श्रीयुत दोनभागे

दाताच्या डॉक्टरांनी माझा अर्धा जबडा बधिर केला होता, आणि नेमकं तेव्हाच मला कडाडून भांडायचं होतं.

झालं असं की, आतलं काम उरकून मी बाहेरच्या खोलीत औषधाच्या चिठ्ठीची वाट बघत उभी होते. खुर्च्या सगळ्या भरलेल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक चष्मेवाला पायावर पाय टाकून बसला होता आणि फोनवर कुणाला तरी मजकूर सांगत होता.

"घ्या लिहून... नवी कोरियन मालिका, बंदरावरची. पहिले दोन भाग पाहिले. नेहमीची छत्री आली, मनगट धरून झालं, जिन्यावरून घसरूनही झालं. पण मराठी संवाद! नायिका नायकाला सारखी अहो-जाहो करते. दोघं प्रेमात पडायला नाही, विम्याचे कागद भरायला भेटलेत असं वाटतं. पूर्णविराम."

ते मराठी डबिंगचे संवाद माझे होते. एकेक वाक्य त्या नायिकेच्या ओठांवर बसवताना मी डोळे फोडून घेतले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "धोन भागांत खाय खळतं हो थुम्हाला?"

त्याने मान वर केली. डोळे मोठे, शांत आणि — हे मला अजिबात आवडलं नाही — चांगलेच देखणे होते. तो घाईघाईने उठला.

"बसा ना, बसा! फार दुखतंय का?"

"धुखत नाही! राग आलाय!"

"हो हो, होतं असं," तो म्हणाला आणि खिशातला रुमाल माझ्यापुढे धरला. माझ्या हनुवटीवरून लाळेचा थेंब ओघळत होता. मेले असते तर बरं झालं असतं! तेवढ्यात डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं आणि तो गेला.

रविवारी मावशीने वर्तमानपत्र उघडलं. आई-बाबा परगावी, त्यामुळे मी मावशीकडे राहते. 'पहिली नजर' हे सदर ती दर आठवड्याला मोठ्याने वाचते, मला ऐकायचं असो वा नसो.

"अगं, हे बघ काय मस्त लिहिलंय! विम्याचे कागद म्हणे..." ती खो-खो हसली. मग माझं तोंड बघून तिचं हसू विरलं. "तुझं आहे होय हे? मग... मग अगदीच वाईट लिहिलंय हो त्याने."

नव्या मालिकेचे फक्त पहिले दोन भाग बघायचे आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं, हा त्या सदराचा नियम होता. मी त्या माणसाचं नावच ठेवलं — श्रीयुत दोनभागे.

सोमवारी डबिंग स्टुडिओत गेले तर आमच्या मालकीणबाईंच्या हातात तेच पान.

"वाचलंस ना? आजकालची मुलं पहिल्या भेटीतच अरे-तुरे करतात. पाचव्या भागापासून सगळं 'तू' करून टाक."

"बाई, ती दोघं अकरा भाग अदबीनेच बोलतात. 'तू' येतं ते थेट बाराव्यात. त्या एका 'तू'साठी तर—"

"तोवर बघणार कोण? पुढच्या सोमवारी रेकॉर्डिंग आहे. तुला जमत नसेल तर मालिका दुसऱ्या कुणाला तरी देते."

मालिका गेली असती तरी मी रडले नसते. पण बाराव्या भागातलं ते दृश्य मी पहिल्या दिवशी बघितलं होतं, आणि त्यासाठी अकरा भाग 'तुम्ही' जपून ठेवलं होतं. ते कुणी पाचव्या भागात उधळून टाकावं? मी वर्तमानपत्रात फोन लावला आणि 'पहिली नजर' लिहिणाऱ्याला बोलवायला सांगितलं.

"मी त्या बंदरावरच्या मालिकेची संवादलेखिका बोलतेय."

पलीकडे खुर्ची सरकली. मग... "दात कसा आहे?"

ओळखलं मेल्याने!

"शाबूत आहे. म्हणूनच फोन केलाय. दोन भाग बघून माझं काम मातीत घातलंत. आता या आणि बारा बघा."

"सदराचा नियम दोन भागांचा आहे हो."

"आणि माणसांचेही दोनच भाग बघता का?"

तो हसला नाही. "किती वाजता येऊ?" एवढंच म्हणाला.

त्याच दुपारी एकला तो हजर. भिंतींना काळा स्पंज लावलेली आमची खोली एवढीशी, त्यात दोन खुर्च्या, एक पडदा आणि मी. मी पहिलं वाक्य लावलं आणि थांबवलं.

"तिचे ओठ बघा. कोरियनमध्ये अदबीने बोललं की वाक्य बहुतेक वेळा 'यो'वर संपतं. ओठ गोल होतात. मी तिथे काय बसवलंय?"

तो पडद्याजवळ वाकला. "'जा हो'... 'नको हो'... 'बघा हो'. अरेच्चा! 'हो' बरोबर बसतोय."

"तिथे 'तू जा' घालून बघा. ओठ गोल आणि आवाज सपाट. भूत बोलल्यासारखं वाटेल."

"हे तुम्ही आधी कुठे लिहिलं का नाही?"

"लेख तुम्ही लिहिता. मी फक्त शिव्या खाते!"

तीन दिवस तो येत राहिला. मालिकेतली नायिका बंदरावर क्रेन चालवते, नायक तिथल्या दवाखान्यात नवा डॉक्टर. पाचव्या भागात डॉक्टर पावसात तिच्यासाठी दोन तास उभा राहतो आणि न बोलता परत जातो.

"बावळट आहे," दोनभागे म्हणाला.

"सभ्य आहे."

"सभ्य माणसाला तोंड नसतं का?"

"काहींना फारच असतं. आणि ते त्यांच्या वर्तमानपत्रात छापून येतं."

सातव्या भागाला त्याने चष्मा काढून पुसला. मी बघितलं तर म्हणाला, "धूळ आहे इथे." आठव्या भागाला मी पुढची वाक्यं लिहायला घेतली, आणि थोड्या वेळाने जाणवलं की तो पडद्याकडे बघतच नाहीये.

"काय आहे?"

"तुम्ही लिहिताना ओठ हलवता. एक वाक्य तीन-तीनदा. आत्ता... गोल केलेत."

"पडदा तिकडे आहे," मी म्हणाले. कान गरम झाले होते, आणि त्याचाही मला राग आला.

बुधवारी दुपारी बारावा भाग लागला. माझं मराठी अजून त्यावर चढलं नव्हतं, नुसतं कोरियन. डॉक्टर गाव सोडून निघालाय. ती क्रेनवरून खाली उतरते, धावत येते, भयंकर चिडलेली. त्याच्या छातीवर हात आपटते आणि एकच वाक्य बोलते.

मी चित्र तिथेच थांबवलं.

"ओठ..." तो अगदी हळू म्हणाला. "तिने या वेळी ओठ गोल केले नाहीत."

तीन आठवड्यांत हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मालकीणबाईंच्या नाही, आवाज देणाऱ्यांच्याही नाही. त्याला कोरियनचं अक्षरही येत नव्हतं, तरी त्याला ते दिसलं.

"काय म्हणते ती?" त्याने विचारलं.

"'तू जाऊन तर बघ.'"

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले... आणि मग तो ताडकन उठला, "येतो मी" म्हणाला आणि निघून गेला. वर 'चांगलं आहे' नाही, 'वाईट आहे' नाही, काही नाही!

गुरुवारी फोन केला, उचलला नाही. शुक्रवारी दोनदा केला. शनिवारी मावशी म्हणाली, "त्या फोनला चावशील अशाने." रविवारी सदर आलं. पहिलं वाक्य होतं, 'मी चुकलो.' पुढे 'हो' होता, गोल ओठ होते, अकरा भागांचा धीर होता. बारावा भाग त्याने फोडला नव्हता, फक्त 'तोवर थांबा' एवढंच लिहिलं होतं. दुपारी मालकीणबाईंचा फोन आला की 'तुम्ही' राहू दे. सोमवारी सकाळी पाचवा भाग माझ्या शब्दांत रेकॉर्ड झाला.

मी जिंकले होते. आणि मला इतका संताप आला होता की काही विचारू नका. चुकलो म्हणून सगळ्या गावाला सांगितलं, आणि माझा एक फोन उचलवेना?

रेकॉर्डिंग संपलं तशी मी थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. दुसरा मजला, रांगेत टेबलं, सगळ्यांची डोकी खाली. तो खिडकीजवळ बसला होता.

"कुठे होतास तू?"

डोकी वर आली. दूर कुणाचं तरी टायपिंग थांबलं. मी काय बोलून गेले ते माझ्या ध्यानात आलं, पण आता मागे फिरायला मी तयार नव्हते.

"पाच दिवस! एक फोन उचलता येत नाही तुला? मी काय तुझ्या मागे लागले होते? आवडलं नाही तर तोंडावर सांगायचं, आवडलं तरी तोंडावर सांगायचं!"

तो उभा राहिला. चेहरा पांढराफटक पडला होता. "आधी लेख छापून यायला हवा होता. त्याआधी तुमच्याशी बोललो असतो... तर तो खरा राहिला नसता."

"म्हणजे?"

त्याने ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्या हातात दिला. त्याच सकाळी संपादकांना दिलेल्या अर्जाची प्रत होती. मी उभ्याउभ्या वाचला. 'बंदरावरील मालिकेच्या संवादलेखिकेच्या कोणत्याही कामाविषयी यापुढे माझ्याकडून लिहून घेऊ नये. त्याबाबत मी निष्पक्ष राहू शकेन असे मला वाटत नाही. कारण वैयक्तिक आहे, आणि स्वभावाने तापट आहे.'

मी तो दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं जरा पुसट दिसायला लागली.

"हे..." माझा आवाज फाटला. "हे संपादकांना आधी सांगितलंस? आणि मला नंतर?"

शेजारच्या टेबलावरचे काका खोकल्याचं निमित्त करून हसले. तो कानापर्यंत लाल झाला, आणि खुर्ची माझ्याकडे ओढताना अडखळला.

"तू... तू बसा ना."

"'तू बस'!" मी ओरडले. "'तू'ला 'बसा' लावतात का कुठे? लेखक म्हणवतोस स्वतःला!"

"बस," तो म्हणाला. पुरतं घाबरून, पण माझ्या डोळ्यांत बघत. "बस ना गं."

मी बसले. राग अजून धुमसत होता आणि तो इतक्यात जाऊ द्यायचा माझा विचार नव्हता. कागद मी नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि हाताची घडी घातली.

"हां," मी म्हणाले. "आता मला सांग."