अर्ध्या ठोक्याची जागा

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर घड्याळजीची मुलगी एक बेस गिटार आणायला निघाली. काम एवढंच होतं. तीन गल्ल्या चालायच्या, एक जिना चढायचा, गिटार खांद्याला अडकवायची आणि तीनच्या आत छापखान्यात पोचायचं. लख्ख ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती. घाबरावं असं त्यात काहीच नव्हतं, आणि ती घाबरलीही नव्हती. उलट शीळ घालत चालली होती.

तिला सगळे टिकटिक म्हणत. एक तर बाप घड्याळं दुरुस्त करणारा, आणि दुसरं म्हणजे जेवताना, अभ्यास करताना, अगदी बोलणी खातानासुद्धा तिची बोटं कशावर तरी ताल धरून असायची. सहा वर्षं लांबच्या शहरात राहून ती बेस गिटार शिकून आली होती. येताना सामानाबरोबर एक खूळही आणलं होतं: बाबांचा वाद्यवृंद पुन्हा उभा करायचा. यंत्रावर लावलेल्या सुरेल गाण्यापेक्षा चार माणसांनी घाम गाळून वाजवलेलं थोडं बेसूर गाणं मोठं, असं तिचं ठाम मत होतं आणि ते ती भाजीवाल्यालाही ऐकवायची.

वाद्यवृंद बंद पडला तो खर्जकाका गेल्यावर. बेस ते वाजवायचे. बोलणंही तसंच, विहिरीच्या तळातून आल्यासारखं; म्हणून हे नाव. ते गेल्यावर बाबांनी आपल्या ड्रमवर चादर घातली, ती तीन वर्षं काढली नाही. टिकटिकने महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा कुठे म्हणाले, "एक रविवार. एकच. जमलं तर जमलं. नाही तर सोमवारी ड्रम शाळेला देऊन टाकतो, आणि पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

बाबा शब्दाचे पक्के होते. भीती होती ती त्याचीच.

दार खर्जकाकूंनी उघडलं. "ये गं, काढूनच ठेवलीय."

टेबलावर काळी पेटी उघडी होती. गिटारवर अंगठा टेकण्याच्या जागी रंग उडून लाकूड दिसत होतं. तारा काळवंडलेल्या, बोट लावलं तर तेलकट. खालच्या टोकाला तारांच्या पोटाशी स्पंजचा तुकडा खोचलेला, आवाज घुमत राहू नये म्हणून.

"काकू, या तारा किती वर्षांच्या?"

"तुझ्याएवढ्या नसतील, पण तुझ्या पाठोपाठच्या."

"बदलू का? माझ्याकडे नवा जोड आहे."

"हात लावशील तर बघ! एकदा मी ओल्या फडक्याने पुसल्या, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणे, सगळा आवाज पुसून टाकलास."

टिकटिक खळखळून हसली. वसतिगृहात तिच्या पलंगावरच्या भिंतीवर ज्या वादकांची चित्रं होती त्यातले निम्मे असेच, तार तुटल्याशिवाय न बदलणारे. इथे आपल्याच गावात तसला एक होता, हे तिला फार आवडलं.

पाणी द्यायला काकूंनी कपाट उघडलं. आत प्रत्येक पेल्याखाली, प्रत्येक बशीखाली कापडाची एक छोटी घडी होती.

"हे कशाला?"

"खालचा सूर लागला की भांडी किणकिणतात ना. म्हणून घड्या घालते."

घड्या पांढऱ्याशुभ्र होत्या. काल धुतल्यासारख्या. दूध उतू गेल्याचं सांगावं तशा सुरात काकू म्हणाल्या, "अजूनही रविवारी लागतातच."

छापखाना रविवारी बंद असायचा, आणि छापखानेवाले काका वाद्यवृंदात साधी गिटार वाजवायचे, म्हणून सराव नेहमी तिथेच. भिंतीला छतापर्यंत कागदाचे गठ्ठे. आवाज त्यांच्यात शिरला की परत येत नसे. शाईचा आणि रॉकेलचा वास. शटर निम्मं ओढलेलं, त्यामुळे उन्हाचा फक्त एक पट्टा जमिनीवर, बाकी सगळं तपकिरी, गार. गाणाऱ्या सिस्टरमावशी दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांतच आल्या होत्या, कारण सहाला त्यांची ड्यूटी होती.

"आलं बाई आमचं भविष्य," मावशी म्हणाल्या.

"भविष्य कसलं, हिच्या पाठीवर आपला भूतकाळ आहे," छापखानेवाले काका म्हणाले, आणि दोघंही उगाचच खूप हसले. बाबा हसले नाहीत. ते ड्रमचे स्क्रू आवळत होते.

कोपऱ्यात खर्जकाकांचा गिटारचा आवाज मोठा करणारा जुना अँप होता, आतल्या काचेच्या नळ्या तापल्याशिवाय न बोलणारा. टिकटिकने बटण दाबलं. मिनिटभर काही नाही. मग तापलेल्या धुळीचा वास आला आणि एक हलकी गुणगुण सुरू झाली... कुणी घसा साफ करावा तशी.

त्यांचं नेहमीचं गाणं होतं. पहिलं कडवं झकास गेलं. दुसरंही. टिकटिकच्या अंगावर काटा आला, आनंदाने. बेस वाजवणं म्हणजे निम्मं काम सूर थांबवण्याचं. सूर काय, कुणीही सुरू करतो. तो कुठे मिटवायचा हे हाताला कळावं लागतं. आणि तिच्या हाताला आज सगळं कळत होतं. दुसरं कडवं संपलं, तिने तिसऱ्याचा पहिला सूर दिला, आणि तो बाबांच्या ठोक्यावर जाऊन धाडकन आदळला.

"चुकलीस," बाबा म्हणाले.

पुन्हा. पुन्हा तिथेच. चौथ्यांदाही.

"बाबा, मी नाही चुकत. तुम्ही तिघं थांबता. तिसऱ्या कडव्याच्या आधी अर्धा ठोका."

"आम्ही? कोण थांबतं?"

"मी नाही थांबत बाई," मावशी म्हणाल्या. छापखानेवाल्या काकांनीही मान हलवली. तिघांचे चेहरे इतके खरे होते की ते खोटं बोलत नव्हते हे नक्की.

मग टिकटिकने ती चूक केली, जी शिकून आलेली माणसंच करतात. तिने फोनवर तेवढा तुकडा रेकॉर्ड केला आणि त्याच्या जोडीला ठोके मोजणारा मेट्रोनोम लावून सगळ्यांना ऐकवला. टक, टक, टक, टक... आणि त्या जागी तिघंही, एका श्वासात, अर्धा ठोका मागे. अगदी स्पष्ट.

अँपची गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

"म्हणजे बावीस वर्षं," बाबा हळूच म्हणाले, "मी ठोका चुकतोय. मी. आणि लोक माझ्याकडे घड्याळं लावून घ्यायला येतात."

ते उठले आणि झांजेचा स्क्रू उलटा फिरवू लागले.

"बाबा, तसं नाही..."

"तसंच आहे. तू बरोबर आहेस. बरोबर असणाऱ्यांच्यात आमचं काय काम? शाळेतली पोरं वाजवतील नीट."

खरं सिद्ध करून टिकटिकने सगळं घालवलं होतं. ती तारांकडे बघत राहिली. त्या जागी सूर होता सगळ्यात खालच्या तारेचा, मोकळा. मोकळी तार, म्हणजे डाव्या हाताला काहीच दाबायचं नसतं. पूर्ण गाण्यात तेवढ्याच जागी डावा हात रिकामा.

"मावशी," तिने विचारलं, "दुसरं कडवं संपलं की खर्जकाका डाव्या हाताने काय करायचे?"

मावशींनी डोळे मिटले. मग त्यांचा चेहरा हळूहळू फुलला. "अगं बाई! चष्मा! घामाने घसरायचा त्यांचा चष्मा. तिथे आले की बोटाने वर ढकलायचे. आणि आपण..."

"आपण थांबायचो," छापखानेवाले काका म्हणाले. "त्याचं होईपर्यंत."

बाबांचा हात स्क्रूवर तसाच राहिला.

"बाबा, शेवटचं एकदा. मी जागा सोडते."

बाबांनी स्क्रू पुन्हा आवळला. आणि बसले.

पहिलं कडवं. दुसरं. उन्हाचा पट्टा आता छपाईयंत्राच्या पायाशी पोचला होता. टिकटिकने शेवटचा सूर तळहाताने मिटवला आणि मनात म्हटलं, आता थांबायचं...

तिचा डावा हात उठला.

तिने उचलला नव्हता. तो आपोआप उठला, सावकाश, सवयीने, आणि तर्जनी नाकावर टेकली. टिकटिकला चष्मा नव्हता, कधीच नव्हता. पण बोटाला धातूची गार दांडी लागली. तिने ती वर सरकवली.

त्या अर्ध्या ठोक्यात छापखाना स्वच्छ दिसला. फार स्वच्छ. बाबांचे केस काळे होते. मावशींच्या वेणीचा शेपटा पार कमरेपर्यंत. छापखानेवाले काका सडपातळ, ओठांवर नुकती फुटलेली मिशी. तिघंही तिच्याकडे बघून गालात हसत होते, आपल्या माणसाचं काहीतरी रोजचं सांभाळून घेताना हसतात तसं. कुणालाही घाई नव्हती.

मग ठोका पडला आणि चौघांचा सूर एकत्र आला.

असा आला की गठ्ठ्यांवरचे सुटे कागद उडाले. मावशी गाता गाता नाचायला लागल्या. छापखानेवाले काका "अरे वा! अरे वा!" ओरडत होते, तेही सुरात. बाबा हसत होते, रडत होते आणि त्या दोन्हीत एकदाही ठोका चुकत नव्हता. ते गाणं त्यांनी पाच वेळा वाजवलं. मग इतर सगळी. सहाला दहा कमी असताना मावशी धावत दवाखान्याकडे गेल्या, तेव्हाही रस्त्यावरून त्यांचं गाणं ऐकू येत होतं.

"पुढच्या रविवारी अडीचलाच या," बाबा म्हणाले. "तीनला फार उशीर होतो." त्यांनी ड्रमवर चादर घातली नाही. घडी करून छापखान्यातच, शाई पुसायला देऊन टाकली.

घरी येऊन तोंड धुताना टिकटिकला आरशात नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर खळगे दिसले. वर्षानुवर्षं चष्मा लावणाऱ्यांना असतात तसे. तिने चोळले. दमल्यामुळे असेल, म्हणाली.

बुधवारी सकाळी ती बाबांच्या दुकानात बसली होती. बाबा आत शीळ घालत होते. तीन वर्षांत प्रथमच. एका गिऱ्हाइकाने छोटं मनगटी घड्याळ पुढे केलं, "बघ गं, किती दाखवतंय?"

टिकटिकने बघितलं. तबकडीवर नुसतं धुकं होतं. आकडे नाहीत, काटे नाहीत. तिने डोळे मिचकावले, घड्याळ जवळ धरलं, लांब धरलं. काही नाही.

मग, का कुणास ठाऊक, तिने डाव्या हाताची तर्जनी नाकावर टेकवली आणि हलकेच वर ढकलली.

आकडे लख्ख दिसले.