दगडातला कापूस

सकाळी साडेदहाला नाथाजीने विहिरीच्या तळाशी घणाचे तीन ठोके मारले आणि खडकातून तीन ठोके परत आले.

१९९४ चा मार्च होता. म्हसवडच्या अलीकडे नानासोंच्या रानात नवी विहीर चालली होती. सुरुंगाला बत्ती देण्याआधी कातळावर तीनदा घण मारायचा, कुठं कपारीत कुणी अडकलं असेल तर तो उलट ठोके देईल, ही विहीर पाडणाऱ्यांची रीत. त्या वेळी बाकीची सगळी माणसं वर होती.

नाथाजीने सुरुंग थांबवून पहार घातली. हातभर कातळाखाली पोकळी लागली. साताऱ्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या कपिलला निरोप गेला. ठोक्यांचं त्याला कुणी सांगितलं नाही.

कपिलला हे रान माहीत होतं. त्याचा बाप धोंडिराम नाथाजीच्याच टोळीत घण मारायचा. बहात्तर साली बांधापलीकडची जुनी विहीर ढासळली, तो खाली राहिला. विहीर तशीच बुजवली. प्रेत मिळालं नाही, म्हणून कपिलच्या आईने, बनाबाईने, अजून कुंकू पुसलं नव्हतं.

काठावरच्या यारीच्या दोराला लटकणाऱ्या बादलीतून कपिल तळाशी उतरला. बॅटरीच्या उजेडात पोकळीभर पांढरे गोळे दिसले, नुकत्या पिंजलेल्या कापसासारखे. ओकेनाइट. बेसॉल्टच्या पोकळीत क्वचित सापडणारं सिलिकेट, केसाहून बारीक तंतूंचं.

"हात लावू नका," तो म्हणाला. "बोट लागलं की हे तंतू बसतात. परत उठत नाहीत."

"मग ह्यो कुणी लावला?" नाथाजीने विचारलं.

सगळ्यात मोठ्या गोळ्यावर पंजा उमटला होता. तर्जनी अर्धीच होती.

"तुझ्या बाचं बोट माझ्याच घणाखाली गेलं हुतं," नाथाजी म्हणाला.

कपिलने पोकळीच्या भिंती बोटांनी चाचपल्या. कुठं भेग नव्हती. हा दगड थिजला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता.

"वाढताना शेजारच्या स्फटिकाचा दाब पडला असेल."

"आसंल," म्हणत नाथाजी वर बघू लागला. वर थाळीएवढं आभाळ होतं. बादली खाली यायला फार वेळ लागतोय, असं कपिलला वाटलं.

तो गोळा त्याने बुडाच्या दगडासकट काढला. ओल लागू नये म्हणून काचेच्या पेटीत ठेवून कडा लाखेने बंद केल्या आणि पेटी साताऱ्याला घरी नेली.

बनाबाई पेटीपुढं बसली ती उठेना.

"भाईर काढ त्येला," ती म्हणाली.

"आई, दगड आहे तो. कोट्यवधी वर्षं बंद होता."

"आन् ठोकं? नाथाजीभावजी सांगून गेलं मला."

चार दिवसांनी नानासो आले. गडी खाली उतरायला तयार नव्हते, म्हणून नानासोंना विहीर बुजवायची होती. "सर, तुमी शिकलेलं माणूस. तुमी म्हणा आत काय न्हाई, म्हंजी मी मोकळा. तुमचंच माणूस हाय म्हणत्यात, तवा तुमच्याबिगर ट्रॉली वतनार न्हाई मी."

कपिल रानात गेला. काठावर दगडमातीने भरलेली ट्रॉली उभी होती. नाथाजी शेवटचा एकदा खाली उतरला आणि त्याने तीन ठोके मारले.

शांतता.

मग खडकातून तीन आले. मग आणखी तीन. नाथाजीला वर ओढून घेतलं तरी ठोके थांबेनात. आता ते मोजता येत नव्हते.

सगळे कपिलकडं बघत होते.

"आत काही नाही," कपिल म्हणाला.

ट्रॉली रिकामी झाली. दुसरी झाली. चौथ्या ट्रॉलीनंतर ऐकू येईना.

तो घरी पोचला तेव्हा दिवस मावळायचा होता. पेटीतल्या गोळ्यावर आता पंजा दिसत नव्हता. एकही तंतू उभा नव्हता. सगळे चेपून, एकमेकांत गुंतून दगडाला चिकटले होते. चारी कडांची लाख शाबूत होती.

बनाबाईचं कुंकू होतं तिथंच होतं.

पेटी अजून घरातच आहे. बनाबाई रोज संध्याकाळी काचेवर बोटाने तीन ठोके मारते आणि कान लावते. कपिल तेवढा वेळ बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहतो.