बारावी ओळ

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. कारण यात भुतापेक्षा मीच वाईट दिसतो.

पण घडलंय ते खरं आहे.

तैवान, गांगशान. स्क्रूच्या कारखान्यातलं आमचं पॅकिंग ऑफिस. गेल्या ऑगस्टमधला मंगळवार. आणि रात्र नाही... दुपार. पावणेएक.

आमच्याकडे जेवणं झाली की ऑफिसचे दिवे बंद होतात. सगळे टेबलावर छोटी उशी ठेवून डोकं टेकतात. तासभर झोप. कुणी बोलत नाही.

आम्ही अकरा जण. यानदादा होता तोवर बारा. मार्चमध्ये तो गेला. घरीच, झोपेत.

खोक्यांवर पॅक करणाऱ्याच्या नावाची लेबलं लागतात. ती छापायची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, त्याची. एका एक्सेल फाईलमध्ये प्रत्येक माणसाचं एक शीट. स्क्रिप्ट एक शीट हातात घेते, त्याचं लेबल छापते, मग पुढचं मागते. शीटं संपली की थांबते. एवढंच.

मीपण स्वतःच शिकलोय, व्हिडिओ बघून. त्याच्यापेक्षा बरं लिहितो. पण कोण ऐकतंय?

मालकीणबाई म्हणायच्या, "यानची स्क्रिप्ट एकदाही अडकली नाही हं."

शेजारच्या टेबलावरची वानयी तर सरळच, "शेंग, तू हुशार आहेस रे. पण यानदादा तो यानदादा."

तिनं त्याचा कप अजून धुऊन ठेवला होता. तो दिसला तरी मी तोंड फिरवायचो.

हो. मेलेल्या माणसावर जळत होतो मी.

आदल्या दिवशी, सोमवारी, मी तीन गोष्टी केल्या. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं, ते पुसून माझं घातलं. मालकीणबाईंनी 'राहू दे' म्हटलेलं त्याचं शीट उडवलं. आणि मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून आम्ही प्रिंटरवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतो ना... ते त्यानं ठेवलेलं होतं.

मी खाल्लं.

मंगळवारी सगळे झोपल्यावर छपाई बंद ठेवून स्क्रिप्ट चालवून बघितली. दोन ओळी नवीन घातल्या होत्या. आधी विचारायचं, शीटं किती? मग एकेक घेऊन त्याचं नाव पडद्यावर लिहायचं.

आकडा आला... अकरा.

नावांच्या ओळी आल्या... बारा.

बारावी कोरी.

म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं. परत चालवली.

अकरा. आणि बारा.

तेवढ्यात अंधारात प्रिंटर... कर्र्र.

एक कोरं लेबल बाहेर आलं. मी छापायला सांगितलंच नव्हतं.

मी उभा राहिलो. का कोण जाणे, माणसं मोजली. यानदादाचं टेबल रिकामं. बाकी सगळी ओळखीची डोकी. मला धरून अकराच.

मग एकेकावर बोट धरून मोजलं.

बारा.

परत मोजलं. प्रत्येक टेबल नीट बघून...

बारा.

दिवे लागल्यावर वानयीला सगळं सांगितलं. तिन्ही गोष्टींसकट.

"पाकीट खाल्लंस?" ती ओरडलीच. "भुकेनं मरत होतास का? त्याचं होतं ते!"

"तुला पाकिटाचंच पडलंय?"

"नाव पण पुसलंस! लाज वाटते का जरा? आधी सगळं जागेवर ठेव."

ठेवलं. जुन्या कॉपीतून त्याचं शीट आणलं. पहिल्या ओळीत त्याचं नाव. नवीन पाकीट. मनातल्या मनात माफीपण मागितली.

बुधवारी दुपारी परत चालवली.

आकडा... बारा. बरोबर.

ओळी... अकरा.

यानदादाचं नाव होतं. वानयीचं होतं. सगळ्यांची होती.

माझं नव्हतं.

फाईल उघडून बघितली. माझं शीट तिथंच होतं. स्क्रिप्ट फक्त त्याला ओलांडून पुढे जात होती.

मी वानयीला हलवलं. ती आधीच जागी होती.

"शेंग, मी पण मोजलं आत्ता. बोट धरून. अकराच भरले."

"मग बरोबर आहे की."

"तू त्यात नव्हतास रे... तुझ्या टेबलावर डोकं टेकलेलं होतं. पण ते तुझं नव्हतं."

तेव्हापासून आमचं ठरलंय. दिवे गेले की ती हळूच हाक मारते, "शेंग?" मी ओ देतो. मग ती झोपते.

परवा तिनं हाक मारली. मी तोंड उघडायच्या आत...

कुणीतरी ओ दिली.

आणि खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी जळलो. कारण अर्धवट झोपेत ती त्या आवाजाकडे बघून हसली.

उठल्यावर तिला सांगितलं.

ती म्हणाली, "लवकर ओ देत जा रे. नाहीतर एक दिवस मी त्यालाच तू समजेन."

दिलाय शब्द. हाक पुरी व्हायच्या आत ओ देईन.