मागच्या खोलीतली बातमी

रविवारी सकाळी शनिवारच्या मंडळींतल्या नर्सबाईंचा फोन आला. मास्तर दार उघडत नाहीत, आतून नुसतं "जा" म्हणतात. आणि आजची पुरवणी वाचलीत का?

निवृत्त होऊनही सगळे ज्यांना फौजदारच म्हणत, त्यांनी पुरवणी उघडली. शहरातल्या सर्वांत जास्त खपाच्या दैनिकात बिननावाचा मजकूर होता: 'लांबलचक गाणी आणि रडके काका'. रेकॉर्डच्या दुकानामागे दर शनिवारी प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे वीस-वीस मिनिटांची पाश्चात्त्य गाणी, ऐकणाऱ्या मोजक्या मंडळींची यथेच्छ टर उडवली होती. त्यातला गणिताचा शिक्षक तर कीबोर्डचा तुकडा सुरू झाला की ओठ चावतो आणि गालांवरून पाणी वाहू देतो, असंही होतं.

मास्तरांच्या विद्यार्थ्यांना नावाची गरज नव्हती. मास्तरांनी फोन उचलला की पलीकडून रडण्याची नक्कल येत होती.

बायको गेल्यापासून आठवड्यात फौजदारांना शनिवारच काय तो उरला होता.

ते दुकानात गेले, तर पाय ठेवायला जागा नव्हती. कधी न दिसलेले चाहते लांबून संतापून आले होते. पेपरवाल्यांनी आपल्याला कायम असंच हिणवलं, काल दिखाऊ म्हणाले, आज रडके, असं जो तो सांगत होता. दुकानदार सगळ्यांना चहा देत फिरत होते. शनिवारच्या मंडळींतल्या दंतवैद्यांशी मात्र कोणी बोलत नव्हतं. त्यांचा मेहुणा त्याच दैनिकात होता.

फौजदार त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेले. खुर्च्या स्पीकरकडे तोंड करून होत्या. स्पीकरशेजारी रेकॉर्ड प्लेअर, त्यावर छोटा दिवा आणि खुर्च्यांकडे तोंड केलेलं दुकानदारांचं स्टूल.

"मास्तर रडतात, हे माहीत होतं?"

"आज वाचून कळलं."

"तुम्ही बसता कुठे?"

"त्यांच्या मागे, तुमच्या शेजारी. नर्सबाई आपल्याही मागे, दारापाशी."

फौजदारांनी त्यांची पाठ थोपटली आणि दुकानदारांना आत बोलावलं.

"आम्हा तिघांना मास्तरांची फक्त मान दिसते," ते म्हणाले. "चेहरा दिसतो तो रेकॉर्ड लावणाऱ्याला. ते तुम्ही लिहिलंत."

दुकानदारांनी नाकारलं नाही. इतकं जिवापाड ऐकणारा माणूस आपण पाहिला नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पेपरने तेवढं वाक्य गाळलं आणि उरलेल्याची थट्टा केली.

"पण दिलंत कशाला?"

"चौघंच उरला होतात. एखाद्या शनिवारी कोणीच आलं नाही तर, याची धास्ती वाटायची. वाचून चार माणसं येतील म्हटलं."

"आणि सकाळपासून गप्प?"

"दुकान भरलं होतं," दुकानदार म्हणाले. "खरं सांगून ते मोडवेना."

फौजदारांनी त्यांना आधी बाहेरच्या गर्दीसमोर उभं केलं. दंतवैद्यांवरचा आळ गेला. मग दोघं मास्तरांकडे गेले.

साखळी न काढता मास्तरांनी दार किलकिलं केलं. दुकानदारांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"तुम्हाला दिसत होतं," मास्तर म्हणाले. "दर शनिवारी?"

"हो."

"मग कधी विचारलं का नाहीत?"

हाताच्या अंतरावर बसणाऱ्या फौजदारांनीही कधी विचारलं नव्हतं.

मग दुकानदारांनी हळूच विचारलं, "मास्तर, तो तुकडा ऐकताना काय आठवतं?"

मास्तरांनी साखळी काढली.